त्याला कुणी उलटं चावलंच नव्हतं

“अहो, काढा याला! काढा! पायजमा फाटला तरी चालेल, आतला पाय माझा आहे!”

आमच्या बिल्डिंगचे सेक्रेटरी जिन्याच्या वळणावर एका पायावर उभे राहून ओरडत होते. दुसरा पाय त्यांनी हवेत धरला होता आणि त्या पायाला आमचं पिल्लू लोंबकळत होतं. वजन फार तर चार किलो. पण सेक्रेटरींचा आवाज असा लागला होता की कुळगावच्या बाजारात बायकांनी भाव करायचं थांबवलं असेल. मी तिसऱ्या मजल्यावरून तीन-तीन पायऱ्या गिळत खाली आलो. माझ्यामागून बाबा आले, एका गालाला दाढीचा फेस तसाच.

“ओरडू नका हो, तो घाबरेल,” बाबा म्हणाले.

“तो? तो घाबरेल?”

मी पिल्लाच्या जबड्यात दोन बोटं घालून त्याला सोडवलं. त्याच्यासोबत पोस्टकार्डाएवढा पायजमाही आला. सेक्रेटरींच्या पोटरीवर चार लाल ठिपके होते आणि त्यातल्या एकातून रक्ताचा एक थेंब निघाला होता. संध्याकाळपर्यंत त्या थेंबाचं तांब्याभर झालं, दुसऱ्या दिवशी दुपारी घागर भरली.

“काल दूधवाला, परवा तळमजल्याच्या वहिनी, आज मी,” सेक्रेटरी म्हणाले. “साहेब, तुम्ही कुत्रा पाळलाय की कात्री? रविवारी मीटिंग बोलावतो. एकदाचा निकाल लावून टाकू.”

बाबांनी फेस पुसला आणि पिल्लू उचलून घेतलं. पिल्लाने लगेच त्यांच्या अंगठ्यात दात घातले. बाबांनी हूं की चूं केलं नाही. त्यांच्या हातांना तोवर इतकी भोकं पडली होती की त्यांनी पाणी प्यायलं तर ते कोपरापाशी गळेल असं आई म्हणायची.

हे पिल्लू आमच्याकडे आलं कसं, ते सांगतो. बाबा अंबरनाथच्या एका कारखान्यात चौतीस वर्षं माल तपासणीच्या खात्यात होते. समोर आलेला नग उचलायचा, उजेडात धरायचा, टिचकी मारून आवाज ऐकायचा, आणि पास की नापास ते सांगायचं. चौतीस वर्षांत त्यांनी एकदा नापास केलेला नग परत पास केला नाही. त्या वर्षीच्या मे महिन्यात ते रिटायर झाले आणि गॅलरीत खुर्ची टाकून समोरच्या बिल्डिंगच्या भिंतीकडे बघत बसले. जून बसले, जुलै बसले. भिंतीवरच्या ओलीचा नकाशा त्यांना इतका पाठ झाला होता की एखादा डाग बोटभर सरकला तरी ते आईला हाक मारून सांगायचे. दिवसभरात तेवढंच बोलणं. रविवारी विहारात वंदनेला जायचे ते सोडलं तर जिना उतरायचे नाहीत. आई त्यांच्याकडे बघून हळूच डोळे पुसायची आणि मी विचारलं की कांद्यावर ढकलायची. त्या दोन महिन्यांत आमच्या घरात चार पोती कांदा चिरला गेला असेल.

ऑगस्टमध्ये आईने त्यांना मुद्दाम उल्हासनगरला उशांचे अभ्रे आणायला पिटाळलं. ते परत आले तेव्हा पिशवीत अभ्रे नव्हते. फर्निचरच्या दुकानामागे, प्लायवुडच्या फळ्यांच्या आड, दुकानदाराची कुत्री व्यायली होती. बाबांनी त्यातलं एक उचलून आणलं होतं. डोळे नुकते उघडलेले, ते पण निळसर, धुरकट. चालायला लागलं की मागचा भाग डावीकडे आणि पुढचा उजवीकडे जायचा.

दुकानदार बिचारा नको म्हणत होता, हे बाबांनीच नंतर सांगितलं. “साईं, अभी माँ का दूध पी रहा है. महिना भर ठहर जाओ,” असं तो म्हणाला होता. पण बाबांचा हिशेब कारखान्यातला. कच्चा माल दुसऱ्याच्या हाताखालून गेला की बिघडतो. पिल्लू आईजवळ, भावंडांजवळ राहिलं तर भुंकणं, भांडणं, उकिरडे हुंगणं, सगळं शिकून येणार. त्यापेक्षा त्याला आपण कुत्रा आहोत हे कळायच्या आतच घरी आणायचं आणि पहिल्यापासून चांगलं वळण लावायचं.

बाबांनी वळण लावायचं म्हणजे लावलंच. पिल्लाला रोज साबणाने अंघोळ, वर पावडर. आमच्या घरात सगळ्यात जास्त अंघोळी त्याच्या व्हायच्या. त्याने इतर कुत्र्यांचं तोंड बघू नये म्हणून रस्त्यावर कुणी भुंकलं की बाबा गॅलरीचं दार लावून घ्यायचे. डॉक्टरकडे इंजेक्शनला नेलं तेव्हा वाटेत कुत्री दिसू नयेत म्हणून पिशवीची चेन बंद. नाव मात्र ठेवलं नाही. सहा महिने झाल्याशिवाय कुणी पक्का होत नसतो, असा त्यांच्या कारखान्याचा नियम होता. तोवर घरात सगळे त्याला ‘टेम्पररी’ म्हणायचे.

पण बाबा बोलायला लागले. पिल्लाला दूध किती, शी कशी, कान उभे राहणार की पडके, यावर ते आईशी, माझ्याशी, गॅसवाल्याशीही बोलायला लागले. नोव्हेंबर लागला तसे ते पिल्लाला घेऊन रोज सकाळी खाली उतरायला लागले. भिंतीवरची ओल वाळून गेली तरी त्यांच्या लक्षात आलं नाही. “हे पिल्लू गेलं ना, तर हे परत त्या खुर्चीत जाऊन बसतील,” आई मला स्वयंपाकघरात म्हणाली. थोड्या वेळाने परत तेच म्हणाली. आमची आई एक गोष्ट दोनदा सांगणाऱ्यातली नव्हती.

फक्त एकच भानगड होती. पिल्लू चावायचं.

सगळीच पिल्लं चावतात, हे मलाही माहीत आहे. दुधाच्या दातांना धार असते. पण आमचं पिल्लू चावायचं ते कोयंडा लावल्यासारखं. लागला दात की आत, आणि आत गेला की बाहेर येणं नाही. रागाने नव्हे, शेपूट हलवत, अगदी लाडात यायचं आणि घोटा फोडायचं. आमच्या जिन्यात त्या महिन्यात कुणाच्या पायाला किती पट्ट्या आहेत त्यावरून कोण कितव्या मजल्यावर राहतं ते ओळखू यायचं. कोपऱ्यावरचा औषधवाला मला रस्त्यात बघितलं की आतून कापसाचं बंडल काढून काउंटरवर ठेवायचा.

रविवारची मीटिंग झाली. पाण्याच्या टाकीला तडा गेला होता तेव्हाच्या मीटिंगला चार माणसं आली होती, त्यातली दोन चुकून. या मीटिंगला खुर्च्या कमी पडल्या. पुढे उभं राहून प्रत्येकाने आपापली जखम दाखवली. वहिनींनी मात्र जागा अडचणीची आहे एवढंच सांगितलं आणि सभेने ते मान्य केलं. ठराव असा झाला: एक महिन्याची मुदत. पुढच्या मीटिंगपर्यंत पिल्लू सुधारलं तर ठीक. त्या दिवशीही कुणाला चावलं, तर त्याच दिवशी बिल्डिंगच्या बाहेर. सेक्रेटरींच्या ओळखीचा एक गोदामवाला अंबरनाथला होता, तो साखळीवर बांधायला न्यायला तयार होता. बाबांनी ठराव शांतपणे वाचला आणि खाली सही केली. वर येताना मी म्हटलं, “बाबा, सही कशाला केली?” तर म्हणाले, “ठराव बरोबर आहे.”

दुसऱ्या दिवसापासून आम्ही तिघं पिल्लाच्या मागे लागलो. बाबांनी कारखान्यातली शिट्टी काढली. चावलं की शिट्टी. दोन दिवसांनी शिट्टी वाजली की पिल्लू चावायला धावत यायचं. मग वर्तमानपत्राची गुंडाळी करून नाकावर हलकेच मारायची, असं कुणीतरी सुचवलं. पिल्लाने गुंडाळी खाल्ली. हाताला कारल्याचा रस चोळला, तर त्याला कारलं इतकं आवडलं की आईला भाजी लपवून ठेवावी लागली. मी क्रिकेटचे पॅड बांधून घरात वावरायला लागलो. भांडी घासायला येणारी बाई मला विचारायची, “दादा, आज मॅच हाय का?”

आठवडा गेला तरी काही फरक पडला नाही.

त्याच सुमाराला आमची भाजीवाली मावशी आली. बारवीच्या रस्त्याला, सोनिवलीच्या बरंच पुढे, डोंगराच्या पायथ्याशी तिचा पाडा. आठवड्यातून दोनदा ती डोक्यावर पाटी घेऊन यायची आणि आमच्या गेटशी बसायची. सुरणाचे गड्डे, गावठी वांगी, कधी आळूची पानं. बाबा पिल्लाला घेऊन खाली गेले होते, आई सुरण बघत होती, आणि पिल्लाने डुलत डुलत जाऊन मावशीचं मनगट धरलं. आई किंचाळली. बाबांनी शिट्टी फुंकली. मावशी मात्र हलली नाही. तिने दुसऱ्या हाताने पिल्लाचा जबडा असा उघडला जसा आपण डब्याचं झाकण उघडतो, आत बघितलं, आणि विचारलं:

“याची आई कुटं हाय?”

“उल्हासनगरला,” बाबा म्हणाले.

“मेली?”

“नाही. दुकानात असते.”

“मंग याला कवा आनला?”

“डोळे उघडले तेव्हा.”

मावशीने मान वर करून बाबांकडे नीट बघितलं. चौतीस वर्षं बाबांनी जसं मालाकडे बघितलं असेल तसं.

“दादा, मंग चावंल न्हाय तं काय करंल? याला कुनी उलटं चावलंच नाय. चावलं की समोरच्याला दुकतं, ते त्याला ठावं कसं होनार?”

“आम्ही ओरडतो ना,” आई म्हणाली.

“तुमी वराडता मानसासारकं. शिट्या मारता. त्याला वाटतं तुमी पन खेळाय आलाव.” तिने पिल्लू खाली ठेवलं. “माजी कुत्री व्याली हाय. पाच हायेत, दोन म्हयन्याची होतील आता. त्यांच्यात सोडा याला पंदरा-ईस दिस.”

“बाहेरच्या कुत्र्यांत?” बाबा दचकले. “तो घरचा आहे.”

“व्हय. म्हून तर घरच्यांना चावतोय.”

रात्रीच्या जेवणानंतर पिल्लाने बाबांच्या पायाची करंगळी फोडली, तेव्हा पट्टी बांधता बांधता ते मला म्हणाले, “तुझी सेकंड शिफ्ट आहे ना? सकाळी स्कूटर काढ.”

पिल्लू तिथे ठेवून यायला ते तयार नव्हते. रोज सकाळी न्यायचं आणि दुपारी परत आणायचं, असं ठरलं. मी पुढे, बाबा मागे, त्यांच्या मांडीवर चेनची पिशवी आणि पिशवीतून पिल्लाचं डोकं बाहेर. त्या डोक्याने माझ्या पाठीचा वाटेत तीनदा चावा घेतला. सोनिवली गेली, नव्या बिल्डिंगांच्या पाट्या संपल्या, रस्त्याला दगड लागले. शेवटचा तुकडा इतका खडबडीत होता की तिथे पोचेपर्यंत माझ्या पट्ट्याची सगळी भोकं एक-एक घर पुढे सरकली.

आठ-दहा घरांचा पाडा. भात कापून झालं होतं, खळ्यावर झोडणी चालली होती, जिकडे तिकडे ताजा पेंढा. मावशीच्या घराच्या कुडाला लागून पेंढ्यात तिची कुत्री पडली होती. तांबूस रंगाची, एक कान फाटलेला, आणि अंगावर पाच पिल्लं लोळत होती. बाबांनी आमचं पिल्लू पिशवीतून काढून हळूच खाली ठेवलं. मुद्दाम अंघोळ घालून आणलं होतं. पाहुण्यांकडे जायचं होतं ना.

कुत्रीने मान पुढे करून वास घेतला आणि शिंकली. परत घेतला, परत शिंकली. मोजून सात शिंका. मग ती उठली, अंग झटकलं आणि पाचही पिल्लांना घेऊन घरामागे निघून गेली. आमचं पिल्लू पेंढ्यात एकटंच पावडरीचा ढग सोडत उभं राहिलं.

“कशानं धुता याला?” मावशीने विचारलं.

बाबांनी साबणाचं नाव सांगितलं. पावडरीचंही सांगितलं.

मावशीने कपाळाला हात लावला. मग ती वाकली, कुत्री ज्या जागेवर झोपली होती तिथला, तिच्या अंगाखालचा, ओलसर, कुबट पेंढा तिने मूठभर उचलला आणि त्याने आमचं पिल्लू नाकापासून शेपटीपर्यंत घासून काढलं. आपण काथ्याने तवा घासतो तसं. पोटाखालून, कानामागून, चारी पायांच्या मधून. बाबांचा चेहरा असा झाला की जणू त्यांचीच कातडी सोलतायत. अडीच महिन्यांच्या अंघोळी दोन मिनिटांत गेल्या.

“आता तिला कळंल ह्ये काय हाय ते,” मावशी म्हणाली. “मगाशी तिला मानूस वाटला. आनि मी सांगंस्तवर धुवायचा नाय.”

त्यांच्या पाड्यात हे असंच करतात. कुणाची कुत्री मेली आणि पोरकं पिल्लू दुसरीखाली लावायचं झालं, की आधी तिच्या जागेचा पेंढा चोळायचा. मला हे नवीन होतं. पाड्यातल्या कुणालाही त्यात सांगण्यासारखं काही वाटत नव्हतं.

कुत्री परत आली. वास घेतला. एक लांब उसासा टाकला, जसा आमची आई अचानक पाहुणे आल्यावर टाकायची, आणि पेंढ्यात आडवी झाली. पाच पिल्लं आमच्या पिल्लाला येऊन भिडली. खेळ सुरू झाला, आणि पहिल्याच मिनिटाला आमच्याने त्यातल्या बारक्याचा कान धरला. आमच्याकडे धरायचा तसाच, कोयंडा लावून.

ते बारकं जे ओरडलं, ते कारखान्याच्या भोंग्यासारखं. पातळ, उंच, कानात सुई घातल्यासारखं. आणि ते ओरडल्याबरोबर बाकीची चार पिल्लं जागच्या जागी थांबली, वळली आणि चालती झाली. बारकंही कान झटकत त्यांच्यामागे गेलं. खेळ बंद. आमचं पिल्लू मधोमध उभं. त्याने दुसऱ्याकडे धाव घेतली, त्याचा पाय धरला. परत भोंगा, परत सगळे पाठमोरे. तिसऱ्यांदाही तेच. मग ते खाली बसलं आणि आमच्याकडे बघायला लागलं.

थोड्या वेळाने ते कुत्रीजवळ गेलं आणि तिच्या पोटाला दात लावले. तिने काही घाई केली नाही. मान वळवली, तोंड उघडलं आणि त्याचं अख्खं नाकाड आपल्या जबड्यात घेऊन जमिनीला टेकवलं. आमच्या पिल्लाने असा आकांत केला की बारवीच्या धरणात लाटा उठल्या असतील.

“खाल्ला! खाल्ला त्याला!” बाबा पेंढ्याचा भारा ओलांडून उडी मारून गेले. साठीचा माणूस, एवढी लांब उडी मी त्यांना आयुष्यात मारताना बघितली नव्हती. पिल्लू उचलून छातीशी धरलं.

मावशी तिथेच भात पाखडत होती. “कुटं लागलंय, दाखवा.”

बाबांनी पिल्लाचं तोंड उजेडात धरलं. उलटं केलं, सुलटं केलं, ओठ वर करून बघितले. एक केससुद्धा वाकडा झाला नव्हता.

“तिनं ठरवलं असतं तं आतापतूर डोस्कं ऱ्हायलं नसतं,” मावशी म्हणाली. “ठेवा खाली.”

पण बाबांना राहवत नव्हतं. दुसऱ्या दिवशी पिल्लू चार वेळा ओरडलं, बाबांनी चार वेळा उचललं. तिसऱ्या दिवशी नऊ वेळा. पिल्लू हुशार. त्याने तीन दिवसांत एकच गोष्ट शिकून घेतली: चावायचं आणि पळत येऊन बाबांच्या मांडीवर चढायचं. तिथून ते कुत्रीकडे असं बघायचं की आता ये, बघतो.

चौथ्या दिवशी मावशीने बाबांना घरामागे नेऊन बसवलं. तिचा म्हातारा सासरा तिथे पेंढ्याचे भारे बांधत होता. “ह्यांना बी द्या काम,” ती सासऱ्याला म्हणाली, “आनि हितनं उटू देऊ नका.” बाबांना तिथून काही दिसत नव्हतं, फक्त ऐकू यायचं. पुढून किंकाळी आली की बाबांचे हात थांबायचे. म्हातारा म्हणायचा, “बांदा, बांदा. पोराचं पोर बघंल.” अर्ध्या तासाने बाबांना म्हाताऱ्याच्या भाऱ्यांत दोष दिसायला लागले. हा बारीक, तो सैल, याचं एक टोक लांब. त्यांनी म्हाताऱ्याचे सहा भारे नापास करून बाजूला काढले. म्हाताऱ्याने काढून ठेवलेले भारे परत आत टाकले. मग जे भांडण लागलं ते मी पुढच्या अंगणात बसून ऐकत होतो, आणि मध्ये पिल्लू दोनदा ओरडलं तरी मागून कुणी आलं नाही.

पुढचे दिवस मी एकटाच साक्षीदार, म्हणून मी सांगेन ते ऐकावं लागेल. दोन-तीन दिवस आमचं पिल्लू चावत गेलं आणि एकटं पडत गेलं. मग एका सकाळी त्याने बारक्याचा कान धरला, बारकं जरासं कुंईं झालं, आणि आमच्याने कान सोडला. आपण होऊन. मागे सरलं, कान चाटला, आणि पाठीवर पडून पोट वर केलं. बारक्याने जरा विचार केला आणि त्याच्या पोटावर उडी मारली. खेळ पुढे चालू. मी काही ओरडलो नाही, पण पाड्यातल्या सगळ्या कोंबड्या एकदम छपरावर गेल्या, त्यावरून बहुधा ओरडलो असेन.

पाड्यात एक म्हातारा कुत्राही होता, माणसांबरोबर रानात जाणारा. आमचं पिल्लू पहिल्यापासून त्याच्या अंगावर सरळ धावायचं, नाकासमोर, आगगाडीसारखं. म्हातारा कुत्रा आवाज न करता नुसता ओठ वर करायचा. काही दिवसांनी आमचं पिल्लू त्याच्याकडे जाताना वळसा घालायला लागलं. बाजूने, अंग चोरून, नजर दुसरीकडे, आणि जवळ गेलं की त्याची हनुवटी चाटायची. म्हातारा कुत्रा तोंड फिरवायचा, पण उठून जायचा नाही. खेळायला बोलवायची रीतही तिथेच शिकलं: पुढचे पाय लांब पसरून छाती जमिनीला टेकवायची आणि मागचा भाग वर ठेवून शेपूट हलवायची. घरी येऊन त्याने हे आईसमोर पहिल्यांदा केलं तेव्हा तिला वाटलं पोटात कळ आली, आणि तिने ओवा चावून त्याच्यापुढे धरला.

घरी चावणं लगेच बंद झालं नाही. पण कोयंडा ढिला होत गेला. मावशीने आईला सांगून ठेवलं होतं की चावलं की पिल्लासारखं बारीक ओरडायचं आणि पाठ फिरवायची. आई तसं करायला लागली. ती पातळ आवाजात “कुंईं” करायची, पिल्लू तोंड सोडून मागे व्हायचं, आणि शेजारच्या काकू येऊन विचारायच्या, “सगळं ठीक आहे ना?” बाबांची मात्र खात्री पटत नव्हती. “घरचा माल घरी पासच होणार,” ते म्हणायचे. “बाहेरच्या माणसाने हातात घेतल्यावर खरं.”

मीटिंगचा रविवार आला. बाबा विहारातून येऊन जेवलेच नाहीत. त्यांनी पिल्लाची वाटी धुतली, त्याचं झोपायचं गोणपाट घडी केलं, आणि दोन्ही एका पिशवीत भरून दाराशी ठेवलं.

“हे कशाला?” आईने विचारलं.

“ठरावावर माझी सही आहे,” बाबा म्हणाले.

खाली पार्किंगमध्ये खुर्च्या मांडलेल्या. एका हातात पिल्लाची दोरी, दुसऱ्या हातात ती पिशवी घेऊन बाबा उतरले. आई आणि मी मागे. सेक्रेटरी ठरावाचा कागद घेऊन टेबलाशी बसले होते. त्यांची बायको पहिल्या रांगेत मेथी निवडत बसली होती. तिचा तोवर या प्रकरणाशी काही संबंध आला नव्हता, तिला पिल्लू एकदाही चावलं नव्हतं.

बाबांनी दोरी सैल सोडली. पिल्लू वहिनींकडे गेलं, वळसा घालून, बाजूने. वहिनींनी पाय खुर्चीवर घेतले. पिल्लाने त्यांची चप्पल हुंगली आणि पुढे, साक्षीला बोलावलेल्या दूधवाल्याकडे गेलं. त्याच्यासमोर छाती जमिनीला टेकवून, मागचा भाग वर करून शेपूट हलवली.

“नमस्कार करतोय की काय?” दूधवाला म्हणाला, आणि मागच्या रांगा हसल्या.

“हसू नका,” सेक्रेटरी उठले. “हे नाटक आहे. अर्ध्या तासाचं वागणं बघून सभा निर्णय घेत नसते.” ते पिल्लापाशी आले, खाली वाकले आणि त्याच्या नाकासमोर हात नाचवत बोलायला लागले. “हा प्राणी महिनाभरात सुधारला यावर माझा तरी—”

पिल्लाने वर बघितलं आणि नाचणारा हात बोटांसकट तोंडात घेतला.

सेक्रेटरींनी असा पातळ, उंच आवाज काढला की मला पेंढ्यातलं बारकं आठवलं. पिल्लाने त्या क्षणी हात सोडला. दोन पावलं मागे सरलं, बाजूला वळलं, आणि सिमेंटच्या जमिनीवर पोट वर करून पडलं.

“चावला! चावला! सगळ्यांनी बघितलं!” सेक्रेटरी मनगट दुसऱ्या हातात धरून नाचत होते. “लिहून घ्या! आजच्या आज न्यायचा! गोदामवाल्याला फोन लावा!”

बाबांनी वाकून दोरी गोळा केली. मग पिशवी उचलली. आईने माझा दंड घट्ट धरला.

सेक्रेटरींच्या बायकोने मेथीचं ताट खुर्चीवर ठेवलं, उठली, नवऱ्याचा हात ओढून घेतला, आणि उजेडाकडे धरून आधी वरून, मग खालून, एकेक बोट सोडवून बघितलं. मग हात त्याचा त्याला परत दिला आणि ताट मांडीवर घेऊन बसली.

“ओला झालाय फक्त,” ती म्हणाली. “पुसा.”